वारुळाची नक्कल

निसर्गप्रेरित वास्तुकलेवरचे कोणतेही सादरीकरण उघडा, पहिल्या पाच चित्रांत वारूळ असतेच. त्याच्या आगेमागे कमळाचे पान, मधमाशीचे पोळे, एखादा शिंपला. शेजारी इमारतीचे छायाचित्र आणि दोन्हींच्या मध्ये एक बाण. त्या बाणात सगळा युक्तिवाद सामावलेला असतो: निसर्गाने कोट्यवधी वर्षे खपून उत्तर तयार करून ठेवले आहे, आर्किटेक्टने ते उचलून मोठ्या मापात बांधले की इमारत पर्यावरणस्नेही झाली.

ही समजूत मला उथळ वाटते, आणि ती निरुपद्रवी आहे असेही वाटत नाही. निसर्गात एकही उत्तर सुटे मिळत नाही. प्रत्येक रचना एका जागेच्या उन्हाला, पाण्याला, मातीला आणि तिथे मिळणाऱ्या ऊर्जेच्या मापाला बांधलेली असते. शिकण्यासारखी गोष्ट ती बांधिलकी आहे. ती वगळून रचना तेवढी उचलली की हाती अलंकार उरतो. आणि बांधिलकी खरोखर पाळायची म्हटली, तर वास्तुकलेला काही अडचणीचे प्रश्न विचारावे लागतात. इथे बांधावे का? किती बांधावे? कशाने बांधावे? आत राहणाऱ्याला हवा कोठून मिळेल? आकाराचा प्रश्न या सगळ्यांनंतर येतो. आज आपण तो सर्वांत आधी विचारतो.

१. हरारेची इमारत टिकली, तिच्यामागची जीवशास्त्रीय कल्पना टिकली नाही

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण झिम्बाब्वेच्या राजधानीत आहे. हरारेचे ईस्टगेट सेंटर १९९६ मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद मिक पिअर्स, अभियंते अरुप. खाली दुकाने, वर कार्यालये, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत नेहमीची वातानुकूलन यंत्रणा नाही. तत्त्व सोपे आहे. वीट आणि काँक्रीटचे जड शरीर रात्रीच्या गार हवेने थंड करायचे, दिवसा त्याच शरीरावरून संथ हवा खेळवून तो गारवा खोल्यांत सोडायचा आणि तापलेली हवा धुराड्यांतून वर जाऊ द्यायची. रात्री तासाला सुमारे दहा वेळा हवा बदलली जाते, दिवसा सुमारे दोन वेळा. यासाठी पंखे लागतात. ‘वारुळासारखी आपोआप थंड होणारी इमारत’ असे वर्णन करणारे लेख या पंख्यांविषयी बहुधा गप्प असतात.

पिअर्स यांनी प्रेरणा घेतली ती त्या काळी प्रचलित असलेल्या वारुळाच्या सिद्धांतातून. स्विस कीटकशास्त्रज्ञ मार्टिन ल्युशर यांनी १९६१ मध्ये मांडले होते, की वसाहतीच्या स्वतःच्या उष्णतेने हवा वर चढते, वारुळाच्या भिंतींपाशी निवते आणि पुन्हा खाली येते. या चक्रामुळे बाहेर कितीही चढउतार असोत, आतले तापमान स्थिर राहते, असा त्याचा लोकप्रिय अर्थ झाला. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी नामिबियातील वारुळांचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये लिहिले, की चित्र असे नाही. वाळवीचे घरटे जमिनीखाली असते आणि त्याचे तापमान आसपासच्या मातीच्या तापमानाबरोबर ऋतूनुसार वरखाली होते. वर दिसणारा उंचवटा थंडाव्यासाठी नाहीच. तो श्वासासाठी आहे. वाऱ्याच्या झुळुका त्या सच्छिद्र भिंतींवर आपटतात, त्यांच्या हेलकाव्याने आतली हवा घुसळली जाते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फुप्फुसाचे काम साधारण असेच चालते.

आपल्याकडे सर्वदूर आढळणाऱ्या ओडोंटोटर्मिस ओबेसस या वाळवीच्या दक्षिण भारतातील वारुळांवर हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांचा शोधनिबंध २०१५ मध्ये आला. त्यात आणखी वेगळी यंत्रणा दिसली. दिवसा वारुळाचे बाहेरचे पातळ कंगोरे आधी तापतात, त्यांतून हवा वर जाते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. वसाहतीचा श्वास दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकावर चालतो. बाहेरून कसलेही इंधन लागत नाही.

कोकणात आणि गोव्यात हे वारूळ सातेरीच्या रूपाने पुजले जाते, आणि पावसाळ्यात त्याच वारुळांवर उगवणारी अळंबी बाजारात चढ्या भावाने विकली जाते. ही अळंबी म्हणजे वाळवीने आत लावलेल्या बुरशीच्या शेतीचे बाहेर आलेले फळ. आपण ज्याला घर समजून त्याची नक्कल करतो, ते मुळात जमिनीखालच्या एका शेताचे वायुवीजन आहे.

आता प्रश्न असा, की जीवशास्त्र चुकले असूनही हरारेची इमारत चालली कशी? कारण ती वारुळामुळे चालतच नव्हती. हरारे समुद्रसपाटीपासून जवळपास १५०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी, दिवस उबदार, रात्री गार. अशा जागी जड भिंत आणि रात्रीची हवा एवढे भांडवल पुरते. पिअर्स यांचे वारुळाचे वाचन अपुरे होते, पण हरारेचे अचूक होते. शिवाय परदेशातून वातानुकूलन यंत्रे आणण्याचा खर्च वाचला. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात हे लहानसहान कारण नव्हते. नक्कल बरोबर की चूक, याच्याशी इमारतीच्या यशाचा फारसा संबंध नव्हता; जागा ओळखण्याशी होता.

२. पुण्यात चालेल ते मुंबईत चालणार नाही

वाळवीलाही हे कळते, असे म्हणायचा मोह होतो. आयव्हरी कोस्टमधील मॅक्रोटर्मिस बेलिकोसस ही एकच जात दोन प्रकारची वारुळे बांधते. उघड्या, तापणाऱ्या गवताळ माळावर पातळ भिंतींची, कंगोऱ्यांची, उंच. आणि थंड, सावलीच्या जंगलपट्टीत जाड भिंतींची, घुमटासारखी. जात एकच, बांधणारी शरीरे तीच, आराखडा जागेप्रमाणे बदललेला. ‘वारुळासारखी इमारत’ म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे: कोणत्या वारुळासारखी? माळावरच्या की रानातल्या?

हरारेचे तंत्र महाराष्ट्रात आणले तर काय होईल, हे तापमानाच्या नोंदी सांगतात. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे २० च्या जवळ उतरतो. एवढा फरक असेल तर रात्री भिंती निववणे आणि दिवसा तो गारवा वापरणे शक्य आहे. मुंबईत मे महिन्यात कमाल ३३-३४, किमान २७. रात्री भिंत निववायला गार हवाच नाही, वर दमटपणा. तिथे जड भिंत दिवसाची उष्णता साठवून रात्री झोपणाऱ्याच्या अंगावर सोडते. मुंबईला हवी सावली आणि अंगावरून वाहणारा वारा, म्हणजे घाम वाळेल. नागपूरची तऱ्हा तिसरी. मे महिन्यात दुपारी ४२-४३ आणि रात्रीही २८ च्या पुढेमागे. पण हवा इतकी कोरडी, की पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर घरोघर काम करतो. तोच कूलर मुंबईत आणून लावा, घरात फक्त ओल वाढेल.

एकाच राज्यात, एकाच महिन्यात, तीन शहरांना तीन वेगळी उत्तरे. कोकणातल्या घराची तीव्र उताराची कौले, बाहेर आलेल्या पागोळ्या आणि भोवतीची पडवी, आणि देशावरच्या वाड्याच्या जाड भिंती व आतला चौक, ही त्या उत्तरांची जुनी रूपे. नवे रूप पाहायचे तर मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही १९८३ मध्ये पूर्ण झालेली, सुमारे ८४ मीटर उंचीची इमारत आहे. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा हा तोडगा काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा दोन मजली उंचीच्या गच्चीच्या रूपात इमारतीच्या कोपऱ्यांत कोरला. या इमारतीचे कौतुक करताना कुणी प्राण्याचे किंवा पानाचे नाव घेत नाही. माझ्या लेखी आपल्याकडची ती एक अव्वल निसर्गप्रेरित इमारत आहे.

दुसरे उदाहरण इतके रुक्ष आहे, की ते कुठल्याच सादरीकरणात येत नाही. केंद्राच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त एक तक्ता आहे: घराच्या चटई क्षेत्राच्या तुलनेत उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे किमान प्रमाण किती असावे. उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के, मिश्र हवामानात १२.५, उष्ण-कोरड्यात १०. वाळवीने माळावर आणि रानात जे केले, तेच हा तक्ता आकड्यांत करतो. उलट आपले बिल्डर वाकडला, पनवेलला आणि नागपूरला एकच आराखडा, एकच काच, एकच दर्शनी भाग विकतात आणि फरक भरून काढायला एसी लावतात. २०१९ च्या भारताच्या कूलिंग अॅक्शन प्लॅनचा अंदाज आहे, की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशातील शीतकरणाची मागणी सुमारे आठपट होईल. त्यातला मोठा वाटा जागा न ओळखण्याच्या दंडाचा असेल.

३. आकाराची भूल

आकार डोळ्यांना दिसतो, छायाचित्रात येतो, माहितीपत्रकावर छापता येतो. म्हणून निसर्गप्रेरणा म्हटली की तोच आधी आठवतो.

दिल्लीचे बहाई उपासना मंदिर १९८६ मध्ये बांधून झाले. फरिबोर्झ साहबा यांनी त्याला २७ पाकळ्या दिल्या. भोवती नऊ तळी आहेत. आत गारवा असतो हे खरे, पण त्याचे श्रेय तळ्यांवरून आणि तळघरातून येणाऱ्या हवेला आणि मधल्या उंच पोकळीला आहे. पाकळी प्रतीक म्हणून उत्तम आहे आणि तिला तेवढेच काम दिलेले आहे. साहबांनी यात गफलत केली नाही. गफलत करतात ते दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात घालणारे.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची कथा अधिक उद्बोधक आहे. जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. चॅट्सवर्थच्या बागेत त्याने दक्षिण अमेरिकेतली प्रचंड पाणलिली वाढवली आणि १८४९ मध्ये तिच्या पानावर आपल्या लहान मुलीला उभे करून दाखवले. पानाच्या खालच्या फासळ्यांनी ते वजन पेलले. फासळ्यांच्या त्या जाळीपासून स्फूर्ती घेऊन त्याने लोखंड आणि काचेची हलकी छपरे रचली आणि १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा केला. वजन पेलण्याचा धडा त्याने अचूक घेतला. पण पान उन्हात पडून राहते ते त्याच्या रंध्रांतून सतत पाणी वाफ होऊन जाते म्हणून. काचेला रंध्रे नसतात. पानाचे बळ घेतले आणि पानाचा घाम सोडून दिला, त्या वंशातली काचेची इमारत आज वांद्रे-कुर्ला संकुलात उभी आहे आणि पश्चिमेचे ऊन आत घेऊन वर्षभर यंत्राने ते बाहेर फेकते आहे.

४. मोसे खोऱ्यातला प्रयोग

इथवरचा युक्तिवाद मान्य करूनही कुणी म्हणेल, की गंभीर लोक आकाराची नक्कल करतच नाहीत. बरोबर आहे. ‘बायोमिमिक्री’ हा शब्द १९९७ च्या आपल्या पुस्तकाने जगभर पोचवणाऱ्या जेनिन बेन्यस यांचा भर आकारावर कधीच नव्हता. त्यांची वरच्या पातळीची कल्पना अशी: एखाद्या जागी जे रान मुळात असायला हवे, ते किती पाऊस जिरवते, किती माती धरून ठेवते, किती कार्बन साठवते, हे मोजा, मग तिथे बांधलेल्या शहराने तेवढेच काम करून दाखवले पाहिजे. एका प्राण्याची नक्कल नव्हे, अख्ख्या परिसंस्थेच्या कामाची बरोबरी. ही कल्पना खोल आहे, आणि ती कागदावर आणण्याचा जगातला एक महत्त्वाकांक्षी प्रयत्न आपल्या पुणे जिल्ह्यात झाला. मोसे खोऱ्यातल्या लवासा या खासगी शहरात.

एचओके या अमेरिकी संस्थेने लवासाचा बृहत् आराखडा केला आणि बेन्यस यांच्या सहकाऱ्यांना सोबत घेतले. सह्याद्रीतल्या आर्द्र पानझडी जंगलाचे काम हा मापदंड ठरला. पावसाळ्यात धो-धो पाणी आणि मग आठ महिने कोरडे, हा तिथला मूळ प्रश्न. वडा-पिंपळाच्या कुळातल्या पानांच्या टोकदार शेंड्यावरून पाणी झटकणारे छपराचे कौल, मुंग्या वारुळावरून पाणी बाजूला वळवतात तशा उतारावरच्या चऱ्या, अशा कल्पना मांडल्या गेल्या. प्रश्न नेमका ओळखला होता आणि उत्तरे तिथल्याच रानातून शोधली होती. मी वर केलेली टीका इथे लागू पडत नाही.

तरीही मला लवासा हे या विचाराचे सर्वांत मोठे अपयश वाटते, आणि कारण कौलात नाही. हे खोरे वरसगाव धरणाचे पाणलोट क्षेत्र आहे. त्या धरणाचे पाणी पुणे पिते. मग पहिला प्रश्न असा हवा होता, की डोंगरउतारावरच्या या पाणलोटात हजारो एकरांवर खासगी शहर वसवावे का. तो प्रश्न आराखड्याच्या आधीच, जमिनीच्या व्यवहारांत आणि परवानग्यांत निकालात निघाला होता. जीवशास्त्रज्ञांना बोलावले गेले ते ‘कसे’ या प्रश्नासाठी. ‘का’ आणि ‘किती’ हे त्यांच्या पुढ्यात आलेच नाहीत. पुढे जमिनी, डोंगरकापणी आणि पर्यावरण मंजुरी यांवरून आक्षेप आले, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. यातल्या प्रत्येक गोष्टीचा दोष निसर्गप्रेरणेवर टाकणे अन्यायाचे होईल. कर्ज, बाजार आणि कायदा यांची आपापली कारणे होती. मुद्दा एवढाच, की जंगलाची वाढ तिथल्या पाण्याने आणि मातीने ठरते, लवासाची विक्रीच्या अंदाजांनी आणि कर्जाच्या हप्त्यांनी ठरली. मापदंड जंगलाचा घेतला आणि वाढीचा नियम बँकेचा.

निसर्गप्रेरित रचना बहुतेकदा कुंपणाच्या आत सुरू होते आणि कुंपणापाशी संपते. वाहून आलेली माती, रस्त्यासाठी फोडलेला डोंगर, धरणाच्या खालच्या बाजूचे शहर, हे कुंपणाबाहेर राहते. आयत्या बिळावर नागोबा व्हावा, तसा मग प्रकल्प जंगलाच्या पुण्याईवर जाऊन बसतो.

५. भट्टी, शिंपला आणि तीस वर्षे

‘कशाने’ या प्रश्नाकडेही असेच दुर्लक्ष होते. सिमेंटचा क्लिंकर भाजायला भट्टी १४५० अंशांवर न्यावी लागते, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. अॅबलोनी नावाच्या शिंपल्यातला मोती-थर जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटच असतो, म्हणजे चुनखडीच. पण तो समुद्राच्या पाण्याच्या तापमानाला तयार होतो आणि थरांच्या बारीक मांडणीमुळे साध्या चुनखडीपेक्षा कित्येक पटींनी चिवट असतो. जीवसृष्टी मोजकी मूलद्रव्ये वापरते, भट्टी पेटवत नाही, आणि जे बांधते ते पुन्हा मातीत जाऊ शकते. वारुळाच्या आकाराचा पण काँक्रीटचा टॉवर या कसोटीवर कुठे उभा राहतो, हे सांगायला नको.

उत्तर म्हणून नव्या साहित्याकडे बोट दाखवले जाते. नेदरलँड्समधील डेल्फ्टला हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणू मिसळून तडे आपोआप चुनखडीने भरून येतील असे तंत्र विकसित केले. हे काम अस्सल आहे. पण आपल्या शहरांत त्याचा उपयोग काय होईल ते पाहा. मुंबईत तीस वर्षांची झालेली सोसायटी पुनर्विकासाच्या बैठका घेऊ लागते. तडे हे कारण पुढे केले जाते, खरे कारण वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा, असते. जिथे धडधाकट इमारत हिशेबासाठी पाडली जाते, तिथे स्वतःला बरे करणारे काँक्रीट कुणासाठी?

काळाचा हा हिशेब वास्तुकला क्वचितच मांडते. सजीव पूर्ण होऊन जन्माला येत नाही, राहता राहता वाढतो. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी कोरियांनी ऐंशीच्या दशकात लहान चौकांभोवती बुटकी घरे रचली. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणून ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा वाढवावे. आज तिथली बरीच मूळ घरे ओळखू येत नाहीत, काहींच्या जागी सरळ आरसीसीचे बंगले उभे आहेत, आणि काही अभ्यासक त्याला प्रयोगाचे अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. चौक अजून चौक आहेत, लोक तिथेच आहेत, घर त्यांच्याबरोबर बदलले. वाढीची सोय आराखड्यातच ठेवणे हे मला पाकळीपेक्षा निसर्गाच्या जवळचे वाटते.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: रूपक चुकीचे असेल, पण त्यामुळे पिअर्सना कल्पना सुचली ना? मग तक्रार कशाला? हे अर्धे मान्य. सुचणे कशानेही होते, आणि सुचण्यावर बंधन घालू नये. पण रूपक पुराव्याच्या जागी येऊन बसते तिथे अडचण सुरू होते. वारुळाचे नाव घेतले की वीजबिल विचारले जात नाही. इमारतीने वर्षाला प्रति चौरस मीटर किती वीज घेतली, आतले तापमान मे महिन्यात किती तास सुसह्य होते, बांधताना किती सिमेंट-पोलाद गेले, हे तीन आकडे जो देईल त्याने प्रेरणा हवी तिथून घ्यावी.

दुसरा आक्षेप आपल्याकडे फार लाडका आहे: हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, जुन्या घरांकडे परत चला. वर मी पडवीची आणि वाड्याची बाजू घेतलीच आहे, त्यामुळे याचे उत्तर देणे मला भाग आहे. मराठवाड्यातली दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे माळवद असलेली घरे उन्हाळ्यात खरोखर गार असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंती आणि तीच माळवदे कोसळून आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. उन्हाशी अचूक जुळवून घेतलेली रचना जमीन हलल्यावर मारक ठरली. यात पूर्वजांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. परंपरा रोजच्या तापाला उत्तर देते. शेकडो वर्षांतून एकदा येणारे संकट तिच्या स्मृतीत टिकत नाही. जीवसृष्टीतही हेच घडते: जुळवून घेणे नेहमी आजवरच्या परिस्थितीशी असते, उद्याच्या नव्हे. म्हणून निसर्गाला किंवा परंपरेला गुरू मानून विचार करणे थांबवता येत नाही. भूकंपाचे गणित अभियंत्यालाच करावे लागते. आणि भूकंपानंतर बांधलेली घरे उन्हाळ्यात कशी वाटतील, हेही त्याच अभियंत्याने त्याच कागदावर मांडायला हवे. ते फार थोड्या ठिकाणी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मर्यादा, जागा, वारा ही श्रीमंतांची भाषा आहे. कांचनजंगातली गच्ची ज्याला परवडते त्याने ती करावी. लाखो लोकांना डोक्यावर छप्पर हवे आहे, जमीन थोडी आहे, तिथे आधी संख्या महत्त्वाची. मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण तो ज्या गृहीतावर उभा आहे, ते गृहीत तपासून झालेले आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ च्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी दिसून आला; खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे त्रास जास्त. जवळच्या, अधिक मोकळ्या रचनेच्या वसाहतीत प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे संख्येसाठी वारा सोडला त्याची किंमत त्याच लोकांच्या छातीने मोजली.

वारुळाचा खरा अर्थ टर्नर यांनी श्वास असा लावला. दाट वस्ती आणि श्वास यांचे वैर नाही; वाळवीची वसाहत गोवंडीपेक्षा कमी दाट नसते, तिथे फक्त वायुवीजन हा बांधकामाचा शेवटचा उपचार नसून मुख्य काम असते. आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना बाजूच्या मोकळ्या जागेत सवलत मिळते, कारण त्याशिवाय हिशेब बसत नाही असे सांगितले जाते. ती सवलत देताना एक अट घालणे शक्य आहे: प्रत्येक खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलेल आणि डिसेंबरमध्ये तळमजल्यावर किती वेळ ऊन पोचेल, हे संगणकीय नमुन्याने आधी दाखवावे, आणि लोक राहायला आल्यावर वर्षभराने मोजून पुन्हा दाखवावे. हे तंत्र दुर्मिळ नाही. हरित मानांकन मागणारे काचेचे टॉवर आज असे नमुने करून घेतातच, आणि ते करणारे सल्लागार याच शहरात आहेत. त्यांचे काम आधी गोवंडीला लावावे, वांद्रे-कुर्ल्याला नंतर.